शिम्नाची अक्षरं आणि एकशे एक जणांची स्वागत समिती

पुळक्करा,
मंगळवार

आदरणीय भार्गवन अम्मावन यांना लिजीशचा वाकून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून पायरीपायरीला थांबवतो? आईनं पाठवलेलं तेल तुम्ही लावत नाही, बाटली टीव्हीच्या मागे उभी असते, हे तिला समजलेलं आहे (अम्मायींनी सांगितलं असं मी म्हणत नाही, पण तुमच्या घरात तुम्ही दोघंच राहता). इकडे सगळं ठीक. नारळ उतरवायला माणूस मिळत नाही म्हणून आई गावावर रागावलेली असते, आणि घरात धडधाकट मुलगा असून तो झाडावर चढत नाही म्हणून माझ्यावर थोडी जास्त. तुम्ही तिचे थोरले भाऊ, त्यामुळे माझ्याबद्दलची प्रत्येक तक्रार पहिल्या गाडीनं कोचीला पोचते हे मला ठाऊक आहे. मागची तक्रार फ्लेक्सबद्दल होती. फोनवर तुम्ही विचारलंत, "चौकात मुलीच्या नावाचा बोर्ड लावलास हे खरं?" आणि मी 'खरं, पण' एवढं म्हणेपर्यंत तुम्ही "बरं, ठेव" म्हणालात. तुमच्या फोनवर 'पण'ला जागा नसते. म्हणून हे पत्र.

बोर्ड लावला हे खरं. नाव मुलीचं होतं हेही खरं. पण ते मुलीचं नाव म्हणून लावलं नव्हतं, फॉन्टचं नाव म्हणून लावलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे गावात कुणालाच पटलं नाही. तुम्ही बंदराच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलंत; एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्या रकान्यात गेली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझं तेच झालं.

सुरुवात कॉलेजपासून करतो, कारण तुमच्या मते माझ्या सगळ्या भानगडींची सुरुवात तिथेच होते. ड्रॉइंगच्या प्रयोगशाळेत आकृती विकतच्या प्रोग्राममध्येच काढायची असा नियम होता. मी तीच आकृती मुक्त प्रोग्राममध्ये काढली, बरोबर काढली, आणि मला शून्य मिळालं. मी उभा राहून बोललो. जो प्रोग्राम उघडून आत बघायची परवानगी नाही, तो शिकवून तुम्ही इंजिनिअर घडवता की गिऱ्हाईक, असं विचारलं आणि बाहेर पडलो. सगळा वर्ग मागून येईल असा माझा अंदाज होता. कँटीनमध्ये मी एकामागून एक केळ्याची भजी खात वाट बघितली. कुणी आलं नाही. परत आत जाऊन बाकावर बसणं त्या भाषणानंतर शक्य नव्हतं. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? अम्मावन, ज्यानंतर परत जाऊन बसता येईल असं भाषण मला करताच येत नाही, काय करू?

तेव्हापासून मी वायनशाळेत, गावच्या वाचनालयात, बसतो. (आई याला 'रिकामा बसतो' म्हणते. रिकामं बसायचंच असेल तर घर काय वाईट आहे?) वायनशाळेचे सचिव पवित्रन मास्तर यांनी मला कोपऱ्यातले तीन जुने कंप्युटर सोपवले. चौकातला कंप्युटर दुकानवाला ब्रिजेश त्यांच्याकडे बघून म्हणाला होता, "मास्तर, यात आता कोंबड्या बसवा." मी त्यांच्यात मुक्त प्रणाली घातली आणि ते चालू लागले. हळू चालतात, पण वायनशाळेत येणाऱ्यांपैकी घाईत कोण असतं? तिथे बसून मला एक गोष्ट नेहमी वाटते. एक वर्तमानपत्र येतं, त्याची पानं सुटी करून दहा माणसं वाचतात, आणि अकरावा बातमी न वाचताच तिच्यावर वाद घालतो. पुस्तक कुणीतरी एकदा विकत घेतलं, मग ते सगळ्या गावाचं झालं. समासात कुणी शेरा लिहिला तर पुढचा त्याला खाली उत्तर लिहितो. मी ज्या सॉफ्टवेअरसाठी भांडतो ते याहून वेगळं काही मागत नाही. हे मी तुम्हाला पूर्वीही सांगायचा प्रयत्न केला होता, पण तेव्हा तुम्ही "बरं, ठेव" म्हणाला होतात.

मुक्त सॉफ्टवेअर शिबिराची नोटीस छापायला मी चिंडेट्टनच्या दुकानात गेलो. म्हणजे चिंडन; पय्यन्नूरच्या छापखान्यात खिळे जुळवायचे ते. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी आपल्या चौकात डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, श्राद्धाची कार्डं, बिलबुकं. सगळ्या बाजारात सॉफ्टवेअर विकत घेणारा हा एकच माणूस. बाकी सगळे ब्रिजेशकडून चोरीची प्रत घालून घेतात आणि ब्रिजेश त्याला 'सर्व्हिस' म्हणतो. चिंडेट्टननं मात्र खरेदीची पावती फ्रेम करून स्वतःच्या लग्नाच्या फोटोशेजारी टांगली आहे, आणि मला वाटतं फोटोपेक्षा पावती जास्त वेळा पुसली जाते. कंप्युटरवर त्यांची मुलगी बसते. तिचं नाव शिम्ना. ती माझ्याहून एका वर्षानं मोठी आहे (आईनं हे फोनवर नक्की सांगितलं असणार, तिनं काय सांगितलं नाही ते मी सांगतो).

अम्मावन, मी आधी अक्षरांच्या प्रेमात पडलो. हा क्रम कृपया लक्षात ठेवा. नोटीस छापून हातात आली आणि मी तिथेच उभा राहिलो. तुम्ही शाळेत शिकलात ती जुनी लिपी होती. आमच्या वाट्याला शाळेत आली ती टंकयंत्रात मावावी म्हणून सरळ केलेली. जोडाक्षरं फोडलेली, उकार अक्षरापासून काढून शेजारी ठेवलेले, उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवाव्या तसे. तिच्या नोटिशीत उकार पुन्हा अक्षराच्या पोटाशी गेले होते. दोन-दोन, तीन-तीन अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसली होती आणि कुणाचंही ओझं कुणाला होत नव्हतं. मी विचारलं, "हा फॉन्ट कुठून आणलास?"

"आणला नाही. काढला."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबांनी छापखान्यातनं आणलेली जुनी प्रुफं होती, ती बघून एकेक काढला. तीन वर्षं झाली. 'ळ' अजून नीट बसत नाही. जरा सरक, तू उजेडात उभा आहेस."

पत्रिका ती बाबांच्या विकतच्या प्रोग्राममध्ये लावते. अक्षरं मात्र तिनं काढली ती मुक्त प्रोग्राममध्ये. हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं ते मला आता समजतं. घरी यायला हवं होतं. मी त्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुसरी नोटीस घेऊन गेलो. मग बुद्धिबळ स्पर्धेची. मग रक्तदानाची. छापायला नोटीस हवी म्हणून कार्यक्रम ठरायचा आणि कार्यक्रम ठरला म्हणून तो पार पाडावा लागायचा. त्या उन्हाळ्यात पुळक्कराच्या वायनशाळेत कोडी स्पर्धा, पक्षी निरीक्षण, मधुमेह तपासणी, वक्तृत्व आणि नारळाच्या झावळ्या विणण्याचा वर्ग एवढं सगळं झालं. पवित्रन मास्तरांना वाटलं, गावात नवं नेतृत्व उगवतंय. त्यांनी जिल्हा संमेलनात माझं नाव घेतलं. रक्तदानात मी स्वतः दोनदा झोपलो, कारण माणसं कमी पडली आणि नोटिशीत 'प्रचंड प्रतिसाद' आधीच छापून झालं होतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना कोचीच्या एका जाहिरात कंपनीचं पत्र तिला आलं. त्यांनी कुठल्याशा लग्नपत्रिकेवर तिची अक्षरं बघितली होती. फॉन्ट त्यांना हवा होता, सगळाच्या सगळा. पुढे तो तिनं कुणाला द्यायचा नाही, स्वतःसुद्धा वापरायचा नाही. आणि सोबत नोकरी, अक्षरं काढण्याचीच, कोचीत. तिनं ते पत्र काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं, लिजीश?" चिंडेट्टनला विचारण्याआधी तिनं मला विचारलं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या क्षणी मला त्या पत्रातला एकच शब्द दिसत होता, आणि तो होता कोची.

मी बोललो. अक्षरं कुणा एकाची नसतात इथपासून सुरू केलं. कुलूप, किल्ली, जनता, भाषा, उद्याची पिढी. आपल्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला एक नवरामुलगा शेजारी उभा होता. तो मध्येच म्हणाला, "दादा, तुमचं पटतंय, पण माझ्या सासऱ्यांचं नाव चुकलंय तेवढं आधी बघू द्या." शिम्नानं ते नाव दुरुस्त केलं, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बघू."

आता तुम्ही शांतपणे विचार केलात तर 'बघू' म्हणजे बघू. पण मी तिथून जो धावत निघालो तो वायनशाळेत, आणि पवित्रन मास्तरांना म्हणालो की शिम्ना आपला फॉन्ट लोकांना देते आहे, मुक्त, कायमचा. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ताबडतोब सभा बोलावली. कोचीत राहून तुम्ही विसरला असाल, पण आपल्याकडे पाहुणा यायचं ठरण्याआधी त्याची स्वागत समिती तयार होते. एकशे एक जणांची झाली. आश्रयदाते, अध्यक्ष, मग जितके पक्ष तितके उपाध्यक्ष, मग कुणी रुसू नये म्हणून आणखी दोन उपाध्यक्ष. मंडप उपसमिती, भोजन उपसमिती, प्रसिद्धी उपसमिती. भोजन उपसमितीच्या संयोजकांनी उभं राहून विचारलं, "हा फॉन्ट किती वाजता पोचणार, आणि त्याच्याबरोबर माणसं किती?" मास्तरांनी सांगितलं, हा जेवणारा पाहुणा नाही, पण चहा आणि केळ्याची पळंपोरी धरून चला. एवढ्या सभेत एकानंही विचारलं नाही की जिचा फॉन्ट आहे ती कुठे आहे. मीही नाही. मी प्रसिद्धी उपसमितीचा संयोजक होतो, मला वेळ कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. मोठ्या अक्षरांत 'शिम्ना', त्याखाली बारीक 'फॉन्ट लोकार्पण', त्याखाली 'सहकुटुंब या'. नाव मी ठरवलं होतं. फॉन्टला अजून नावच नव्हतं आणि मला दुसरं कुठलंही सुचलं नाही. प्रयत्न केला नाही असं नव्हे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर फार वेळ केला नाही. आपल्या चौकात फ्लेक्सवर कुणाची नावं येतात ते तुम्हाला माहीत आहे. उमेदवारांची आणि मेलेल्यांची. सकाळी नऊच्या आत दोन माणसं चिंडेट्टनकडे सांत्वनाला जाऊन आली. तिसऱ्यानं विचारलं, पोरगी कुठल्या पक्षाकडून उभी राहतेय?

चिंडेट्टन वायनशाळेत आले. त्यांच्या हातात चष्मा होता, म्हणजे हातातलं काम टाकून आले होते. आरडाओरडा नाही. म्हणाले, "मोने, बाळा, माझी मुलगी जिवंत आहे आणि ती निवडणुकीला उभी नाही. बोर्ड उतरव."

मी म्हणालो, "चिंडेट्टा, ते फॉन्टचं..."

"फॉन्टचंही बोलू. कुणी दिला तुला?"

"ती देणार आहे. म्हणजे बघू म्हणाली."

"बघू म्हणाली." त्यांनी हातातला चष्मा कंप्युटरच्या कोपऱ्याकडे रोखला. मग म्हणाले, "तुमचा जो सगळ्यांना फुकट देणारा आहे ना, त्याला दुपारी जेवायला कोण घालतं ते एकदा शोध. शोधलंस की ये. मग बोलू."

बोर्ड उतरवला. मी स्वतः उतरवला, उन्हात, आणि खालून गावातली निम्मी माणसं शिडी धरायला म्हणून उभी होती. पण समिती उतरवायची कशी? मंडप सांगितलेला, उपाध्यक्षांनी नातेवाइकांना कळवलेलं. नेमायच्या उपसमित्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, बरखास्त करायची एकही नाही. शेवटी पवित्रन मास्तरांनी तोडगा काढला: लोकार्पणाऐवजी परिसंवाद. विषय, 'अक्षर कुणाचं?' दोन्ही बाजू मांडल्या जातील, चहा तोच.

रविवारी मैदान भरलं. स्वागतपर भाषण झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाचं स्वागत झालं. विकतच्या बाजूनं पहिला बोलला ब्रिजेश. ज्या माणसानं आयुष्यात एक प्रत विकत घेतली नाही तो म्हणाला, चांगली वस्तू विकतच घ्यावी, बनवणाऱ्याच्या घामाची चोरी करू नये. मागून कुणीतरी विचारलं, "ब्रिजेशा, माझ्या कंप्युटरात घातलंस ते कुठल्या दुकानातनं आणलं होतंस?" ब्रिजेश म्हणाला, तो आजचा विषय नाही. मग चिंडेट्टन उठले. ते सभेत कधी बोललेले नाहीत. म्हणाले, "वायनशाळेतली पुस्तकं तुम्ही फुकट वाचता. वाचा. त्यातली बरीच माझ्या बोटांखालून गेलीत. वाचणाऱ्याकडे कुणी कधी काही मागितलं नाही, हे चांगलंच आहे. पण मला दर शनिवारी पगार मिळत होता. म्हणून मी सोमवारी परत जात होतो." आणि बसले.

खरं सांगतो अम्मावन, याला माझ्याकडे उत्तर होतं. मुक्त म्हणजे बनवणाऱ्यानं उपाशी राहावं असं कुठेच लिहिलेलं नाही. जगात पुष्कळ लोक मुक्त प्रोग्राम लिहून पगार घेतात, दुरुस्तीचा घेतात, शिकवण्याचा घेतात. हे सगळं मला पाठ होतं, आणि ते शांतपणे सांगितलं असतं तर चिंडेट्टननं ऐकलंही असतं. पण माइक हातात आला की माझं काय होतं ते तुम्ही मावशीच्या लग्नात बघितलंय. मी वायनशाळेचं उदाहरण घेतलं. म्हणालो, उद्या ही पुस्तकं कुणी गाडीत घालून कोचीला नेली आणि कोचीच्या कपाटात कोचीचं कुलूप लावून ठेवली, तर पुळक्करानं बघत राहायचं? टाळ्या पडल्या. भाषणात मी आणखी दोनदा कोचीला गेलो. तेवढ्यात बायकांच्या रांगेत मागे बसलेली शिम्ना उभी राहिली. इतका वेळ ती तिथे होती. तिला कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं; वक्त्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"एकच विचारते," ती म्हणाली. "कंपनी पय्यन्नूरची असती, आणि मी रोज संध्याकाळच्या बसनं घरी आले असते, तर तू हेच भाषण केलं असतंस?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. हो म्हणणं अवघड नव्हतं. टाळ्याही पडल्या असत्या. पण तो हो ओठांपर्यंत आला आणि मला कळलं की तो खोटा आहे. पय्यन्नूरची असती तर मी तिला पेढे नेऊन दिले असते. अट वाचलीसुद्धा नसती. मी माइक धरून उभा राहिलो, माइक शिटी वाजवत राहिला, आणि मग मी तो पवित्रन मास्तरांच्या हातात देऊन खाली उतरलो. भाषण मी आयुष्यात पहिल्यांदाच अर्धवट सोडलं (कॉलेजातलं धरू नका, ते भाषण पूर्ण केलं होतं, कॉलेज अर्धवट सोडलं). आभार मानणाऱ्या उपाध्यक्षांनी माझ्या 'विचारांना चालना देणाऱ्या मौना'चेही आभार मानले. कागदावर जे लिहिलेलं असतं ते सोडून ते कधी बोलत नाहीत, तेव्हा हे त्यांनी ऐनवेळी लिहिलं असणार.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पडून विचार केला. मी जे वाचतो, ज्याच्या नोटिसा छापतो, त्या प्रत्येक परवान्याच्या अगदी वरती बनवणाऱ्याचं नाव असतं. आधी नाव, मग 'मी हे देत आहे', मग बाकी सगळं. वापरणाऱ्याला काय-काय करता येईल त्याची कलमं मला तोंडपाठ होती; ती पहिली ओळ मी नेहमी उडी मारून ओलांडली, आपण लग्नपत्रिकेत थेट तारखेकडे बघतो आणि वरची ओळ वाचत नाही तसं. देणं हे देणाऱ्याचं असतं. दुसऱ्याच्या वतीनं दिलं की त्याला चोरी म्हणतात, आणि चोरी करून आपण त्याला स्वातंत्र्य म्हणालो तर ब्रिजेशच्या 'सर्व्हिस'मध्ये आणि त्यात काय अंतर राहिलं? हा विचार मला आवडला नाही. पण तो गेलाही नाही.

पाचव्या दिवशी दुकानात गेलो. हातात नोटीस नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना. शिम्ना पत्रिका लावत होती. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "थांब, हे कुटुंब फार मोठं आहे, नावं चुकतील." मग पत्रिका बाजूला ठेवून म्हणाली, "तुझ्या भाषणातलं निम्मं मला पटतं, माहितीय? शाळेतली पोरं तोडलेली अक्षरं वाचतात हे मलाही बघवत नाही. म्हणून तर तीन वर्षं बसले. पण तू मला विचारलंस का, की तुला ती द्यायचीत का? कंपनीनं निदान विचारलं तरी."

तिनं काय केलं ते ऐका. कंपनीला कळवलं की सगळा फॉन्ट विकाऊ नाही. पुस्तकात, वहीत, शाळेत लागतं ते साधं वळण ती सगळ्यांना देणार, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या परवान्यावर. मोठ्या फलकांना लागतात ती जाड आणि नक्षीची वळणं कंपनीनं विकत घ्यावीत. आणि नोकरी ती करणार, अक्षरांची नोकरी जगात आणखी कुठे आहे? कंपनीनं दोन आठवडे घेतले आणि हो म्हटलं. फॉन्टचं नाव तिनं 'पुळक्करा' ठेवलं. त्यामुळे स्वागत समितीनं हा आपलाच विजय मानला असून ती अजून दर रविवारी भरते. चिंडेट्टन मात्र खूश नाहीत. "अर्धं दान आणि अर्धा धंदा, हे कुठलं शास्त्र?" म्हणतात, आणि कंपनीचं पत्र आल्यापासून फ्रेममधली पावती पुसायचं विसरलेत. मला वाटतं त्यांना ना दानाचं वाईट वाटतंय ना धंद्याचं. जे मला मैदानात बोलता आलं नाही तेच त्यांना दुकानात बोलता येत नाहीये. मी आणि ते, आम्ही दोघं विरुद्ध बाजूंना बसून एकाच गोष्टीवर भांडत होतो.

ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जाणार. हे तिनं मला कंपनीचं उत्तर आलं त्याच दिवशी सांगितलं. मी तिला साध्या वळणाला कुठला परवाना लावावा ते समजावून दिलं, सगळे प्रकार, त्यांतले बारकावे. बराच वेळ थांबलो. वाटलं, जाण्याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, म्हणजे पुढे काय याबद्दल ती काही बोलेल. ती काहीच बोलली नाही. मीही मग विचारलं नाही. तिला न विचारता जितकं करायचं तितकं माझं करून झालं होतं, आणि विचारायचं कसं ते अजून शिकलेलो नाही.

तर हा खुलासा. आईनं सांगितलं तसं माझं डोकं फिरलेलं नाही. फिरलं होतं, आता जागेवर आहे. मला कुणाकडून काही नको. कोचीला यायचं तर प्रश्नच नाही. ते शहर मला कधीच आवडलं नाही, आणि भाषणातून मी ते पुष्कळ फिरून आलो आहे. गुडघ्याला तेल लावा. अम्मायींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे) भाचा,
लिजीश

ता. क. १: आई फणसाचे काप पाठवते आहे. डबा परत हवा आहे, असं तिनं दोनदा लिहायला सांगितलं. हे एकदाच धरा.

ता. क. २: तुमच्या घराची वरची खोली अजून रिकामी आहे का? मला नको. एखाद्या होतकरू अक्षरकाराला ती भाड्यानं द्यायला काय हरकत आहे? वसतिगृहातलं जेवण कसं असतं ते मी भोगलंय. मी सुचवलं असं मात्र सांगू नका.

ता. क. ३: आणि जिन्याखाली तुमची अडगळीची खोली आहे, ती साधारण किती लांब-रुंद असेल? सहज विचारतो. कोचीच्या एखाद्या कॉलेजात मधूनच तिसऱ्या वर्षाला घेतात का, तुमच्या ओळखीत कळलं तर बघा. तिथे ड्रॉइंग विकतच्या प्रोग्राममध्ये असलं तरी मी सहन करीन. बाहेर पडलोच तर न बोलता बाहेर पडेन.

ता. क. ४: माझं हस्ताक्षर तुम्हाला लागत नाही म्हणून हे पत्र टाइप केलं. वायनशाळेचा प्रिंटर गेल्या आठवड्यापासून आमच्या मुक्त प्रणालीशी बोलेनासा झाला आहे (चूक प्रिंटर बनवणाऱ्यांची आहे, पण ते असो), त्यामुळे चिंडेट्टनच्या दुकानात पेनड्राइव्ह देऊन छापून घेतो आहे. काळजी नको. शिम्ना आज कागद आणायला पय्यन्नूरला गेली आहे, आणि चिंडेट्टन मजकूर वाचत नाहीत. खिळे जुळवणारा माणूस अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. हे त्यांनीच मला सांगितलं आहे. पाकीट करून टपालातही तेच टाकतील.

नमस्कार. मी शिम्ना. तुम्हाला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. कागद लवकर मिळाला, मी दुपारीच परत आले. बाबा अर्थ वाचत नाहीत हे खरं आहे. पण पान बघून त्यांनी मला हाक मारली, "मोळे, पोरी, हे बघ. खिळ्यांचे दिवस असते तर या एका पत्रात 'शि'चा खण रिकामा झाला असता." म्हणून वाचलं. चुका दुरुस्त केल्या आहेत, मजकूर आहे तसा ठेवला आहे. तो त्याचा आहे. मला खोली नको, राहायची जागा ठरली आहे. कॉलेजसाठीही कोचीत शोधाशोध नको. त्याच्या जुन्या कॉलेजात मी फोन करून विचारलं, या वर्षी परत घेतात. ड्रॉइंगच्या सरांनाही विचारलं. त्यांना ते भाषण आठवत नाही. हे त्याला तुम्ही सांगा. माझ्याकडून त्याला फार लागेल.

आणि वर लिहिलंय की त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. बोलले होते. तेव्हा तो परवान्यांचे प्रकार समजावून सांगत होता. काय बोलले ते तिसऱ्याच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. ऐकायचं असेल तर ये म्हणावं. मी महिनाअखेरपर्यंत इथेच आहे, आणि सकाळी दुकानात फारसं कुणी नसतं.